ज्याचं कडवं, त्याचं नाव

माझी थोरली बहीण गाते आणि मी तिच्या मागून गाते. ती ओळ टाकते, मी ती तशीच्या तशी उचलून परत देते, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावी. आमच्या धंद्यात आम्हाला पहिली आणि दुसरी म्हणतात. पहिलीचं नाव होतं, दुसरीचा घसा बसतो. पस्तीस वर्षं मी दुसरी आहे आणि माझी काही तक्रार नाही. फक्त कुणी ‘तुम्हीपण गाता का?’ असं विचारलं की माझं डोकं फिरतं.

थोरलीनं लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, ‘एका हातात डफ आणि नवरा दोन्ही मावत नाहीत.’ ती आमच्याकडेच राहते. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मागच्या खोलीत तिची खाट, भिंतीवर खिळ्याला डफ. दिवसभर खालून शिलाई मशीनची घरघर येते आणि बाईसाहेब पडल्या पडल्या तिच्यावरही बोटांनी ताल धरतात. गाण्याला निघायच्या आधी गॅस बारीक करून डफ त्याच्यावर फिरवायचा, कातडं तापलं की आवाज उघडतो, हे काम माझं. एकदा मी फोनवर बोलत राहिले आणि कातडं करपलं. त्याला अकरा वर्षं झाली, पण तो वास ती अजून मला ऐकवते.

आमचं गाणं एकच. त्याला लांब गाणं म्हणतात, कारण ते संपतच नाही. शहरात काही घडलं, पूर आला, संप झाला, खाण खचली, की ज्यानं ते डोळ्यांनी पाहिलं तो येऊन सांगतो, थोरली त्याचं कडवं करते आणि ते गाण्याला जोडलं जातं. नियम दोनच. एक, ज्याचं कडवं, त्याचं नाव. गाण्याआधी देणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच डफावर थाप. दोन, देणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. तो चुकीचं बोलला असेल तर चुकीचं गायचं. पुराचं कडवं धोबिणीनं दिलं. ती म्हणाली होती, ‘पाणी उंबऱ्यावर बसलं आणि आत बघत राहिलं.’ एका शाळामास्तरांनी थोरलीला समजावलं की पाणी बसत नसतं, चढत असतं. थोरली म्हणाली, ‘मास्तर, पूर तुमच्या घरात आला होता की तिच्या?’ मास्तर पुन्हा फिरकले नाहीत.

ही धोबीण म्हणजेच थोरलीची गुरू. तिच्या हौदाकाठी चादरी पिळता पिळता थोरली गाणं शिकली. सोळा वर्षांची असताना एकदा टाळ्यांच्या भरात तिनं एक कडवं नाव न घेताच गाऊन टाकलं. म्हातारी वर्षभर तिच्याशी बोलली नाही. मग अट घातली: ज्या दगडफोड्याचं ते कडवं होतं त्याच्या गल्लीत दारोदार जा आणि सांग, हे त्याचं आहे, मी चोरलं. थोरली गेली. तोंड लाल करून एकेक दार वाजवलं. परत आल्यावर म्हातारी एवढंच म्हणाली, ‘नाव काढलंस की शब्द बेवारशी होतो. बेवारशी शब्द कुणीही उचलून नेतं.’ त्यानंतर चाळीस वर्षांत थोरलीनं एकही कडवं नावाशिवाय गायलं नाही. या वर्षीपर्यंत.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. हे शहर बसवर ड्रायव्हर आहेत. ह्यांचा मार्ग गोल आहे: डेपो, बाजार, हॉस्पिटल, गाद्यांच्या कारखान्याची मागची गल्ली, आणि पुन्हा डेपो. एक फेरी चाळीस मिनिटांची. मुलगी तीन वर्षांची असताना रोज दारात रडायची, बाबा कधी येणार. तिला मिनिटं कुठली कळायला? हे सांगायचे, ‘दहा फेऱ्या झाल्या की आलो.’ ती खिडकीत बसून आमच्या चौकातून जाणाऱ्या ह्यांच्या बसा मोजायची. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, पण घरातलं घड्याळ तेच राहिलं. भात अर्धी फेरी, चहा पाव फेरी. ‘किती वेळ लावतेस अंघोळीला, एक फेरी झाली!’ थोरलीसुद्धा तसंच बोलायची. डेपोत हे असं बोलत नसत, तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागतो आणि वर टिंगलही होते. ही भाषा आमच्या चार भिंतींतली. आम्हाला ती भाषा आहे हेदेखील आठवत नव्हतं.

थंडी संपत आली होती तेव्हा गाद्यांचा कारखाना जळला. दुपारची वेळ. चौदा माणसं गेली, त्यांतल्या नऊ बायका. त्या फोमचा धूर आग पोचायचीसुद्धा वाट बघत नाही, दोन श्वासांत माणूस खाली बसतो. दुसऱ्या दिवशी सरकारी निवेदन आलं: मागचं दार उघडं होतं, कामगार घाबरून भलत्या बाजूला पळाले. कारखाना मंत्र्यांच्या व्याह्यांचा. हे मंत्री कोण, तेही पुढे येईलच.

हे त्या दिवशी घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं पित्त. चौथ्या दिवशी सकाळी थोरली डफाची दोरी आवळत बसली होती, तिच्यासमोर हे जमिनीवर बसले आणि बोलायला लागले. मी ओट्याशी उभी होते. ह्यांनी जे सांगितलं ते शब्द न् शब्द असं:

‘पहिल्या फेरीला दार वाजत होतं. दुसऱ्या फेरीला दारातून धूर येत होता. तिसऱ्या फेरीला दार गप्प होतं. बाहेरची साखळी काढायला त्यांना पाव फेरी लागली.’

दाराला बाहेरून साखळी होती. कामगारांनी मधेच उठून जाऊ नये म्हणून घालत असत, म्हणे. तिसऱ्या फेरीला मॅनेजरची गाडी गल्लीत आडवी लावलेली, त्यामुळे बस अडली. प्रवासी आधीच्याच थांब्यावर उतरलेले, कंडक्टर आगीच्या बंबाला कळवायला फोन शोधत गेलेला. बसमध्ये हे एकटे. समोर दोन माणसं तापलेल्या साखळीवर बादलीनं पाणी ओतून ती सोडवत होती. साखळी गाडीत टाकली, दार उघडून ठेवलं आणि निघून गेली. त्यांनी वळून बसकडे बघितलंदेखील नाही.

‘पहिल्या फेरीला मी थांबलो नाही, ताई,’ हे म्हणाले. ‘कारखान्यात आवाज असतोच, म्हणून गेलो पुढे. हॉर्नसुद्धा वाजवला, रस्त्यात कुत्रं होतं म्हणून.’ आणि लहान मुलासारखे रडले. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसल्यावर म्हणाले, ‘गायचं तर गा. पण माझं नाव नको.’

मी तिथेच सांगून टाकलं, नाव नको आणि कडवंही नको. ज्यांनी चौदा माणसांवर साखळी घातली ते पंधराव्याला काय भीक घालणार? मेलेली माणसं गाण्यानं परत येत नाहीत. मला माझा माणूस धडधाकट घरात हवा होता, संध्याकाळी चपला काढताना हुश्श करणारा. स्वार्थी म्हणा, काहीही म्हणा. थोरली पुन्हा डफाची दोरी आवळायला लागली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

त्याच महिन्यात तिचा सत्कार ठरलेला होता. सरकारी सभागृह, मानपत्र, रेडिओवरून थेट कार्यक्रम, आणि अध्यक्ष मंत्री. हे सगळं आगीच्या आधीचं ठरलेलं. रद्द होईल असं मला वाटलं होतं. रद्द झालं नाही, उलट निरोप आला की मंत्री आवर्जून येणार आहेत, ‘या दुःखद प्रसंगी लोकांना धीर देणारं काहीतरी गा.’

त्याच सुमारास तो दिसायला लागला. तपकिरी स्वेटर, बारीक चणीचा, केस नीट भांग पाडून विंचरलेले. मेलेल्यांच्या घरच्यांनी कारखान्याच्या फाटकासमोर सभा घेतली, तिथे आम्ही जुनी कडवी गायलो, तेव्हा हा तिसऱ्या रांगेत. बाजारात मी कांदे निवडत होते, हा समोरच्या दुकानात दाढीचं ब्लेड बघत होता. एकदा जिन्यात शिंप्याशी बोलत उभा होता. शिंपी नंतर म्हणाला, पँटची लांबी कमी करायला आला होता. ‘मग केली का?’ मी विचारलं. शिंपी म्हणाला, ‘पँट आणलीच नव्हती.’ मी त्याचं नाव स्वेटर ठेवलं. नाव ठेवलं की माणूस जरा लहान होतो असं वाटतं. तो काही लहान झाला नाही.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस रेडिओवरची मुलगी मुलाखतीला आली. गुणी पोर, चपला बाहेर काढून आली, यंत्र खाटेवर ठेवलं. कागदावर तीन प्रश्न लिहून आणलेले: संगीत, राजकारण, कारकीर्द. थोरली म्हणाली, ‘तिन्ही वेगळे असतात होय? बरं, विचार.’

संगीताबद्दल ती म्हणाली, ‘मला गाणं सुचत नाही. माझं स्वतःचं एकही कडवं नाही. मी टपालवाली आहे. लोकांनी दिलेलं लोकांना नेऊन देते, पाकीट फोडत नाही.’

राजकारणाचं विचारल्यावर हसली. ‘आत्ताचे मंत्री तेव्हा सायकलवरून हिंडायचे. मागच्या चाकाला पंक्चर, खिशात दुसऱ्यांची पत्रकं. मी त्यांच्यासाठी तीन महिने गायले. गवंड्यांनी दिलेलं कडवं होतं, नळाच्या पाण्याचं. लोक रडायचे. निवडून आले. पहिल्या वर्षी घरी आले, दुसऱ्या वर्षी माणूस पाठवला, तिसऱ्या वर्षी पत्र. मग मी समजले.’

‘काय समजलात?’

‘गाण्यानं माणूस खुर्चीत बसवता येतो, उठवता येत नाही. मी कितीतरी वेळा गाऊन बघितलं.’

‘आणि कारकीर्द?’

‘ती ही,’ थोरली माझ्याकडे बोट करून म्हणाली. ‘पस्तीस वर्षं माझ्या मागे उभी आहे. मी चुकले तरी तीच चूक परत देते, इतकी इमानी.’ मुलगी हसली, मीही हसले. तेव्हा हसू आलं खरं.

ती गेल्यावर थोरली म्हणाली, ‘मी ते कडवं गाणार आहे.’

मी भांडले. हातातली ताटली आपटली, शिंप्यानं मशीन थांबवली इतकी भांडले. ती शांत. म्हणाली, ‘चौदा घरची माणसं मागच्या रांगेत बसणार आहेत. पुढे तो बसणार आहे, ज्याला मी बसवला. मी पुराचं कडवं गाऊ? पाणी उंबऱ्यावर बसलं म्हणू?’ मग खाली बघून म्हणाली, ‘नाव घेणार नाही. म्हातारीची शपथ मोडते. तुझ्या नवऱ्यासाठी मोडते, अजून काय करू?’ चाळीस वर्षं जी गोष्ट जपली ती माणूस मोडायला निघतो तेव्हा त्याला अजून काय मागायचं? मी आपटलेली ताटली उचलून ओट्यावर ठेवली. हे म्हणाले, ‘नाव नाही ना, मग झालं. कुणाला कळणार आहे?’ आम्ही तिघांनी चहा घेतला. पुन्हा सांगते, आम्ही तिघंही होतो, कडवं आमच्यासमोर दहा वेळा म्हणून झालं होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही कानाला काही खटकलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मंत्री आणि व्याही. मागे, अगदी भिंतीला, ती चौदा घरं; एकानं मेलेल्या बायकोचा फोटो मांडीवर धरला होता. मानपत्र झालं, मंत्र्यांचं भाषण झालं. ‘या ताईंच्या गाण्यानं मी घडलो,’ म्हणाले. थोरलीनं डफ उचलला. जुनी चार कडवी झाली, प्रत्येकाला नाव, नावावर थाप. मग ती थांबली. नाव यायची वेळ झाली आणि आलं नाही. इथले लोक तिला लहानपणापासून ऐकत आलेत, त्यांना नावाची सवय. सगळं सभागृह वाट बघत बसलं.

‘एकाचा शब्द,’ थोरली म्हणाली. आणि थाप मारली.

पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. मी तिच्या मागून एकेक ओळ उचलून परत दिली. मागच्या भिंतीशी एक बाई मोठ्यानं रडायला लागली. साखळीच्या ओळीवर व्याह्यांनी घड्याळात पाहिलं. मंत्री हसतमुख बसून होते. कडवं संपलं, टाळ्या नाहीत, आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून कुणीतरी अगदी अदबीनं म्हणालं, ‘वन्स मोअर.’

स्वेटर उभा होता. ‘फक्त शेवटची ओळ,’ तो म्हणाला. ‘नीट ऐकू आली नाही.’

गाणाऱ्या माणसाला वन्स मोअर मिळाला की तो आईचं ऐकत नाही. थोरलीनं मान वर केली, छाती भरून घेतली आणि पुन्हा गायली: बाहेरची साखळी काढायला त्यांना पाव फेरी लागली. मी परत दिली. स्वेटर म्हणाला, ‘अजून एकदा.’ मागच्या लोकांना वाटलं हा आपल्यातलाच आहे, त्यांनीही ‘अजून, अजून’ सुरू केलं. तिसऱ्यांदा थोरलीनं ओळ टाकली, मी उचलली, आणि ‘पाव फेरी’ हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडत असताना मला पहिल्यांदा ऐकू आले.

पाव फेरी. कोण म्हणतं असं? फेरी म्हटल्यावर बस कुणालाही कळेल. पण पाव फेरी? हे शब्द माझ्या स्वयंपाकघरातले होते. ओळ अर्ध्यात सोडायची नसते, मी सोडली नाही. खणखणीत आवाजात पूर्ण केली, माझ्याच नवऱ्याचं वाक्य, रेडिओवर, तिसऱ्यांदा. स्वेटरनं खिशातून छोटी वही काढली, दोन शब्द लिहिले आणि खाली बसला.

घरी येताना रिक्षात मी थोरलीला वाट्टेल ते बोलले. ‘नाव लपवलंस आणि जीभ तशीच ठेवलीस! एक शब्द बदलता आला नाही तुला? दहा मिनिटं म्हटलं असतंस तर डफ फुटला असता?’

‘नाव सोडलं तेव्हाच मला वाटलं, मी सगळे नियम मोडले,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘तुला तरी कुठे ऐकू आलं?’

ह्यांना सांगितलं. हे पलंगावर बसून राहिले. मी म्हटलं, पोरीकडे जाऊ या, उद्याच्या उद्या. हे म्हणाले, ‘त्या दिवशी त्या रस्त्यावर तीन बसा होत्या. तीन ड्रायव्हर, तीन कंडक्टर. सहातला जो पळेल तोच, असं होईल. चुपचाप कामावर जायचं.’ ह्यांचं खरं होतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आम्ही मिनिटं शिकायला लागलो.

हसू नका. साठीकडे झुकलेली तीन माणसं आणि मिनिटांची शाळा. बाजारातून मोठं घड्याळ आणून ओट्यावर टांगलं. भात वीस मिनिटं. चहा दहा मिनिटं. जो फेरी म्हणेल त्यानं सगळी भांडी घासायची. पहिल्या दिवशी सगळी भांडी मीच घासली. थोरली मुद्दाम विचारायची, ‘अंघोळीला किती वेळ?’ आणि मी ‘अर्धी’ म्हणून जीभ चावायची. हे मला चिडवायचे, ‘तुझ्या तोंडाला ब्रेक नाही, डेपोत पाठवायला हवं.’ आठवड्याभरात जमलं. मुलीचा फोन आला तर मी म्हटलं, पंचवीस मिनिटांनी कर. ती म्हणाली, ‘आई, तुला बरं नाही का?’

तोवर डेपोतून बातम्या येत होत्या. स्वेटर घरोघर जात होता. पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे गेला, अर्धा तास बसला, आला तसा गेला. दुसरीच्या कंडक्टरकडे गेला, त्याच्या आईशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आवाज चढवत नाही, धमकी नाही. चार घरं झाली. पाचवं ह्यांच्या कंडक्टरचं. त्यानं सांगितलं, मी फोन शोधत होतो, मला काही माहीत नाही, आणि ते खरंच होतं.

रविवारी सकाळी तो आमच्याकडे आला. चपला बाहेर काढल्या. खुर्ची दिली तिच्या काठावर बसला. थोरली खाटेवर, हे समोर, मी दारात. खाली मशीन बंद होती, रविवार.

‘दोन प्रश्न आहेत, ड्रायव्हरसाहेब, त्रासाबद्दल माफ करा,’ तो म्हणाला. मग वीस विचारले. हे उत्तरं देत गेले आणि मला अभिमान वाटला. त्या दिवशी गल्लीत किती वेळ थांबलात? ‘दोन-तीन मिनिटं, मग मागे घेतली.’ काही दिसलं? ‘मी रस्ता बघतो साहेब, दारं बघितली तर माणसं मरतील.’ ताईंना कडवं कुणी दिलं? ‘त्या मला नाही सांगत. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.’ डेपोपासून घर किती लांब? ‘चालत बारा मिनिटं.’ मिनिटं, मिनिटं, मिनिटं. एकदाही जीभ घसरली नाही. थोरली भिंतीकडे बघत होती.

शेवटी स्वेटरनं वही मिटली. चेहरा पडल्यासारखा दिसला. ‘ठीक आहे,’ म्हणाला, आणि उठला. ‘उगाच तुमचा रविवार घालवला.’

देवा! माझ्या अंगातून काय सुटलं ते मला सांगता यायचं नाही. पंधरा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला. माणूस निघालाय, संपलं, माझा नवरा समोर बसलाय. त्या आनंदात मला त्या मेल्या स्वेटरवरसुद्धा माया आली. घरी आलेला माणूस तसाच चाललाय, आणि मी आधीच आधण ठेवलेलं. मी म्हटलं, ‘अहो, असे कसे जाता? चहा टाकलाय, पाव फेरीत होतोच.’

खोलीत घड्याळ वाजत होतं, नवीन घड्याळ.

स्वेटर माझ्याकडे वळला नाही. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं, मग परत खुर्चीत बसला, आता नीट टेकून. ‘मग थांबतो,’ म्हणाला. ‘तुमची एक फेरी किती मिनिटांची, ड्रायव्हरसाहेब?’

‘चाळीस,’ हे म्हणाले.

‘म्हणजे पाव फेरी दहा. साखळी काढायला दहा मिनिटं.’ त्यानं वही उघडून लिहिलं.

थोरली खाटेवरून उठली. ‘ते कडवं माझं आहे,’ ती म्हणाली. सभागृहात लागतो तसा आवाज. ‘ज्याचं कडवं, त्याचं नाव. माझं नाव लिहा. मी बांधलं, मी गायलं.’

‘बाई,’ तो अगदी आदरानं म्हणाला, ‘रेडिओवर तुम्हीच सांगितलंत, तुमचं स्वतःचं एकही कडवं नाही. मी तुम्हाला पहिल्यापासून ऐकतोय. तुम्ही खोटं गात नाही.’ ती उभीच राहिली.

ह्यांनी खुंटीवरचा शर्ट घेतला. गणवेशाचा नको, साधा. बटणं लावता लावता माझ्याकडे बघितलं. मी ओरडले नाही, रडले नाही, दारातून हलले नाही, मी तोंडावर हात दाबून उभी होते, पण आता त्याचा काय उपयोग होता? रागावतील, काहीतरी बोलतील, मला शिवी तरी देतील, असं मला वाटत होतं. मला ती हवी होती.

‘अगं, गॅस बंद कर,’ हे म्हणाले. ‘उतू जाईल.’